पाय हलवणारी बाई

बसल्या जागी पाय हलवले की घरातली लक्ष्मी जाते, असं ज्यानं कुणी पहिल्यांदा सांगितलं त्याला अनुसूयेचे पाय एका संध्याकाळपुरते तरी द्यायला हवे होते. मग बघितलं असतं, लक्ष्मी जाते की तोच आधी उठून जातो ते.

अनुसूया ही राजाजीनगरातल्या नरसिंहराव शिंप्यांची बायको. घराणं बेंगळुरात इतकं जुनं, की मूळ गाव विचारलं तर नरसिंहराव "चिकपेट" म्हणून मोकळे होत. चिकपेटेत त्यांचं कोट शिवायचं दुकान होतं आणि राजाजीनगर नव्यानं वसू लागलं तेव्हा त्यांनी तिथं दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड आणि भांडताना दोन्ही. अनुसूया घरीच शेजारपाजारच्या बायकांची पोलकी शिवायची. हात सुरेख, स्वभाव भिडस्त. पण दिवस कलला की तिच्या पोटऱ्यांत आतून काहीतरी वळवळायला लागायचं. दुखायचं नाही, खाजायचं नाही. हाडात मुंग्या शिरल्यात आणि त्यांना बाहेर यायला वाट सापडत नाही, असं काहीतरी. पाय हलवले, चार पावलं चाललं, की थांबायचं. बसलं की पुन्हा सुरू. म्हणून ती संध्याकाळी मशीनवर बसायची. पायांनी मशीन चालवताना पायांना बरं वाटायचं, आणि लोकांना वाटायचं, काय कामसू बाई आहे!

मल्लेश्वरातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी "नसा अशक्त आहेत" असं सांगून बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या होत्या. पहिली काही वर्षं त्या गोळ्यांनी कमाल केली. अनुसूया रात्रीची झोपू लागली आणि दिवसा हसू लागली. गोळ्यांची बाटली ती देवाच्या तसबिरीशेजारी ठेवायची, यावरून काय ते समजा. मग एका गोळीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. सकाळी डोकं जड, जीभ जड, पाय मात्र होते तसेच. पूर्वी दिवेलागणीला येणारी वळवळ आता दुपारच्या चहाच्या वेळेलाच हजर व्हायची. डॉक्टर म्हणाले, "अजून एक वाढवा." त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

त्याच वर्षी विमलेला बघायला दावणगेऱ्याचे लोक आले. विमला एकुलती एक लेक, टायपिंग शिकलेली, बापासारखी उंच. मंडळी आली ती नेमकी संध्याकाळी. अनुसूयेनं जास्तीच्या गोळ्या घेतल्या, देवाला हात जोडले आणि सतरंजीवर येऊन बसली. पहिल्यांदा उठली ती पाणी आणायला. दुसऱ्यांदा साखर आणायला. तिसऱ्यांदा कशाला उठली ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. शेवटी दात आवळून बसली, तर मांडीवरच्या बशीतला चमचा वाजायला लागला. मुलाची मावशी त्या चमच्याकडे बघत राहिली.

आठवड्यानं निरोप आला. मुलगी छान आहे, पण आईच बसल्या जागी पाय हलवते, तर त्या घरची लेक आमच्याकडे काय लक्ष्मी आणणार?

नरसिंहरावांनी टोपी घातली आणि दुकानाची वाट धरली. विमला म्हणाली, "जाऊ दे आई, मला दावणगेरे तसंही नको होतं." दोघांपैकी कुणीतरी खडसावलं असतं तर अनुसूयेला बरं वाटलं असतं. आपल्या पायांनी आपल्याच पोरीचं मोडलं, हे तिच्या मनातून जाईना. भाकरी थापताना, पोलक्याला काजं करताना, तेच.

मग तिनं नवस बोलला. विमलेचं लग्न होईपर्यंत सोमवार, गुरुवार, शनिवार आणि दोन्ही एकादश्या. कडक उपास, पाण्याखेरीज काही नाही. आणि कॉफी. बेंगळुरात कॉफीनं उपास मोडत नाही. हे कुठल्या पोथीत आहे ते विचारू नका. पण अख्ख्या गल्लीत एकाही बाईला याबद्दल शंका नव्हती. पोटात आग पडली की अनुसूया फिल्टरखालचा घट्ट डिकॉक्शन ओतायची, वर दूध, आणि पुन्हा उभी राहायची. पाय शांत होण्याऐवजी आणखी पिसाळले. उपासात आपलंच काहीतरी उणं पडतंय असं समजून तिनं मंगळवारही धरला.

दुसरं स्थळ येलहंक्याचं. मुलगा संताजी रेल्वेत फिटर, शांत आणि हसरा. मंडळी संध्याकाळीच येणार, हे अनुसूयेला आधी कळलं. तिनं थोरल्या जावेला, मथुरेला, बोलावून घेतलं आणि सांगितलं, "अक्का, मी बाजूला बसलेय. पुढचं सगळं तूच बघ."

ते खोटं होतं. पण विटाळात बाजूला बसलेल्या बाईला पाहुण्यांपुढं कोण बोलावणार? ती मागच्या अंगणात येरझारा घालत राहिली आणि खिडकीतून लेकीचं बघणं ऐकत राहिली. विमला पसंत पडली. जाताना मुलाची आई, अंबूबाई, अंगणाच्या दाराशी आली आणि लांबूनच म्हणाली, "अक्का, तुमची भेट राहिलीच बघा. साखरपुड्याला समोरासमोर बसू."

सरळ मनाची बाई होती ती. म्हणूनच अनुसूयेला तिच्याकडे बघवेना.

आषाढ तोंडावर होता, म्हणून साखरपुडा श्रावणातला ठरला. तोही संध्याकाळचाच, कारण संताजीची कामाची पाळी दुपारी सुटायची. त्यांच्यात साखरपुड्याला मुलीच्या आईबापांनी पाटावर बसून पूजा करायची असते. मथुरा म्हणाली, "मी आणि आमचे हे बसतो. त्यात काय!" अनुसूयेला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याची तिला लाज वाटली. पण नरसिंहराव कधी नव्हे ते बिघडले. "पोरीच्या साखरपुड्याला तिची आई बसायची नाही? मग मीही कोट शिवत दुकानात बसतो," ते म्हणाले आणि तिला डॉक्टर कृष्णमूर्तींकडे घेऊन गेले.

हे डॉक्टर तरुण होते आणि त्यांना प्रश्न फार होते. त्यांनी अनुसूयेची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली. काय खाता, विचारलं. तिनं उपास सांगितले.

"उपासाला काय घेता?"

"कॉफी."

"किती?"

नरसिंहरावांना खोकला आला. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि बायकांच्या दुखण्याचं विचारलं. अनुसूयेनं भिंतीकडे बघत उत्तर दिलं. ती खरोखरच बाजूला बसायची त्या सगळ्या वर्षांत अंगावरून किती जायचं, हे तिनं आजवर कुणापाशी उच्चारलं नव्हतं.

रक्त तपासून आल्यावर डॉक्टर म्हणाले, "रक्तात लोह नाहीच म्हणा ना. पायांचं दुखणं त्यानं वाढतं. या पांढऱ्या गोळ्या नुसती झोप आणतात, आणि अंगाला सवय झाली की तीही आणत नाहीत. पण एकदम सोडायच्या नाहीत. मी सांगेन तशा उतरवायच्या. लोहाची इंजेक्शनं घ्यायची. दुपारनंतर कॉफी बंद. आणि उपास बंद."

"नवस आहे," अनुसूया म्हणाली.

"देवाला सांगा, डॉक्टरनं मोडायला लावला."

घरी येऊन ती ताटावर बसली आणि रडली. एकदा पायांनी पोरीचं मोडलं, आता तोंडानं मोडायचं का? घास उचलेना. नरसिंहराव ताट तिच्या पुढ्यात सरकवत म्हणाले, "सरी, बरं तर. उपास देवाला पोचल्याशी कारण. उरलेले मी करतो." हा माणूस दोन तास खायला मिळालं नाही तर गिऱ्हाइकावर खेकसायचा. श्रावण आला तरी त्यानं ते सगळे वार धरलेलेच होते, कॉफीसुद्धा न पिता, आणि त्या काळात त्याच्या दुकानात पाऊल टाकायला कारागीर भ्यायचे.

बरं वाटायला वेळ लागला. गोळ्या उतरवताना काही दिवस तर असे गेले की अनुसूया डॉक्टरांना शिव्या घालायची. ती नाचणीच्या भाकऱ्या आणि पालेभाजी खाई, सांजेला गरम पाण्यात पाय सोडून बसे, पोटऱ्या चोळून घेई आणि वळवळ आलीच तर मशीनवर जाई. ती पुरती गेली नाही. पण आता ती यायची ती पाहुण्यासारखी यायची, मालकासारखी नाही.

साखरपुड्याच्या संध्याकाळी अनुसूया पाटावर बसली. डाव्या हाताला नरसिंहराव, पलीकडच्या पाटावर हिरव्या साडीतली विमला, समोर अंबूबाई आणि तिच्याकडच्या बायका. भटजींना कुठलीही घाई नव्हती. मधे एकदा पोटरीत हुळहुळलं. अनुसूयेनं अंगठा पाटावर दाबून धरला, आणि ते विरून गेलं. मथुरा लांबून तिच्याकडे बघून हसली. लोकांत इतका वेळ ती कैक वर्षांत बसली नव्हती. तिला वाटलं, फिटलं एकदाचं पोरीचं ऋण.

तेवढ्यात तिला हिरव्या साडीच्या निऱ्या थरथरताना दिसल्या.

विमलेची पावलं हलत होती. पदराआडून तिनं एक गुडघा घट्ट धरला होता. चेहऱ्यावर हसू होतं, पण वरच्या ओठावर घाम आला होता. तो चेहरा अनुसूयेला कुणी समजावून सांगायला नको होता. तिला तिची स्वतःची आई आठवली, संध्याकाळभर परसात फिरत "जेवण जिरवतेय" म्हणणारी. आणि मग आठवलं ते हे, की विमला अभ्यासाला बसून पाय हलवायची तेव्हा आपण कापड मोजायचा लाकडी गज घेऊन तिच्या गुडघ्यावर मारत होतो. सासरी काय म्हणतील, असं म्हणत. पोरगी आपली नक्कल करते असं समजत.

अंबूबाईच्या शेजारची बाई निऱ्यांकडे बघू लागली होती. अनुसूयेनं विचार केला नाही. तिनं आपले शांत असलेले दोन्ही गुडघे जोरजोरात हलवायला सुरुवात केली. पाट खडखडला. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले.

"ऐय्यो, पुन्हा?" मथुरा पुटपुटली.

"पुन्हा," अनुसूया म्हणाली. बघू देत. एकदा हिच्या वाट्याचं आपल्यावर तर घेऊ.

पण विमलेनं आईकडे बघितलं. काय चाललंय ते तिला कळलं आणि तिचे डोळे भरून आले. तेव्हा अनुसूयेला सुचलं, की येलहंक्यात रोज संध्याकाळी हिच्या शेजारी बसून पाय हलवायला आपण थोड्याच असणार आहोत? तिथं ही कुणाच्या आड लपेल?

"भटजी, स्वल्प थांबा," ती म्हणाली. मग अंबूबाईकडे वळून तिनं सगळं सांगितलं. त्या दिवशी आपण बाजूला नव्हतो, हेही. "हे माझ्याकडून हिला आलंय. दुखणं आहे, खोड नाही. औषध कधी लागू पडतं, कधी पडत नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं. आता नारळ घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा."

नरसिंहराव खाली मान घालून बसले. अंबूबाई विमलेच्या पावलांकडे बघत होती.

"चाललं की बरं वाटतं म्हणता?" तिनं विचारलं.

"हो."

"मग दोघी जरा चालून या. नारळ काही पळून जात नाही."

मागच्या अंगणात अजून उजेड होता. मायलेकी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालू लागल्या. थोड्या वेळानं विमलेचा श्वास मोकळा झाला.

"आई, कसं होतं ते तुला तर ठाऊक होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मग मला मारायचीस कशाला गं?"

अनुसूयेला लक्ष्मीचं नाव घेता आलं असतं. लोकांचं घेता आलं असतं.

"तुझे पाय हलले की सगळे माझ्या पायांकडे बघायचे," ती म्हणाली.

विमलेनं आईचा हात धरला नाही, आणि तिला सोडून पुढंही गेली नाही. आतून भटजी हाका मारत होते, आणि दोघी चालत होत्या.