लॉटरीखाली चिकटलेली यादी

तीर्थपुरीतल्या आमच्या घराला मातीच्या भिंती होत्या आणि त्या सारख्या झडायच्या. म्हणून दरवर्षी एप्रिलात, चौदा तारखेच्या जयंतीच्या आठ दिवस आधी, माय भिंतींना जुनी वर्तमानपत्रं चिकटवायची. वडील शाळेत शिपाई, त्यामुळे रद्दीला तोटा नव्हता. माय ज्वारीच्या पिठाची खळ शिजवायची, झुरळं लागू नयेत म्हणून तिच्यात मोरचूद टाकायची आणि कागद असा बसवायची की एक वेळ भिंत पडेल, पण कागद निघणार नाही. तिला वाचता येत नव्हतं. कुठली बातमी कुठल्या बातमीवर चढते, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

आम्हा दोघी बहिणींची त्यात चंगळ होती. निम्मे मथळे दुसऱ्या कागदाखाली गेलेले असायचे, ते आम्ही पुरे करायचो. ‘मंत्रिमंडळाचा महत्त्वाचा निर्णय : यापुढे सर्व’ एवढंच दिसायचं. अक्का म्हणायची, ‘यापुढे सर्व नवऱ्यांनी पाणी भरावं.’ ‘धुमाकूळ घालणारा बिबट्या अखेर’ याला मी जोडलं होतं, ‘गणितात नापास’. गणिताचा राग तेव्हा माझ्या नाकावर असायचा. ‘गोदामाला भीषण आग, सुदैवाने’ हे वाचून दाखवलं की माय चुलीपुढून म्हणायची, ‘सुदैवानं भाकरी भाजून झाल्त्या.’ तिला वाचता येत नव्हतं, पण आमच्या दोघींपेक्षा तीच तरबेज होती.

दुष्काळ सरल्यावरच्या एका वर्षी मात्र या खेळाने आमच्या तोंडचं पाणी पळवलं.

अक्का मॅट्रिक पास झाली होती. आमच्या वस्तीतली पहिलीच पोरगी. नर्सच्या ट्रेनिंगसाठी तिने औरंगाबादला अर्ज केला होता. जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता, आमचं सगळं तिकडेच असायचं. अर्जाची पोच आली, तिच्यावर नंबर होता तीनशे बारा. पुढे तीन महिने काहीच नाही. मधल्या काळात चुलत्याने अंबडकडचं स्थळ आणलं. माणसं बरी होती, पण सून शिकायला पाठवणार नाही हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. वडिलांनी अक्काला समोर बसवून सांगितलं, ‘बाई, बोलावणं आलं तर मी शिकवतो. न्हाई आलं तर रविवारी पाव्हणे येतेत, मंग त्यांना नाही म्हणायचं न्हाई.’ अक्काने मान डोलावली. त्या दिवसापासून पोस्टमन दिसला की ती दारात जायची आणि तो पुढे गेला की झाडू हातात घ्यायची. अंगण इतकं स्वच्छ पुन्हा कधी राहिलं नाही.

शुक्रवारी दुपारी मी भिंतीला पाय लावून आडवी पडले होते. कागद चिकटवून दोनच दिवस झालेले. कणगीच्या मागे, खालच्या अंगाला मला एक मथळा दिसला : ‘परिचारिका प्रशिक्षण : मुलाखतीसाठी उमेदवारांची यादी’. त्याखाली एक ओळ, ‘ज्यांना पत्र मिळाले नसेल त्यांनी हीच सूचना समजावी.’ आणि त्याखाली लॉटरीचा निकाल. मायने यादीवर लॉटरी चिकटवली होती. हेडमास्तरांनी त्या वर्षी कपाट आवरलं होतं आणि जुन्या रद्दीबरोबर आठवड्यापूर्वीचा पेपरही आमच्याकडे आला होता.

मी अक्काला हाक मारली. तिने ओळ वाचली, पुन्हा वाचली. मी मायवर ओरडले, ‘काय करून ठेवलंस हे!’ माय म्हणाली, ‘मला काय म्हाईत गं, कागद बोलतो व्हय माझ्याशी?’ आणि तिचे डोळे भरले. तिला असं बोलल्याची मला आजही लाज वाटते.

वडील शाळेतून आले. कोमट पाणी झालं, फडकं झालं. आम्ही चौघं त्या भिंतीपुढे अशी बसलो होतो, जसं काही घरात कुणी आजारी आहे. कागद भिजला तसा खालचा मजकूर वर दिसू लागला. आधी तारीख दिसली. शनिवार. उद्याच. मग जागा आणि सकाळी अकराची वेळ. त्याखाली नुसते आकडे. लॉटरीचे आकडे आणि यादीचे आकडे एकमेकांत घुसलेले. मला एका ठिकाणी तीनशे बारा दिसला. वडील म्हणाले, ‘त्यो लॉटरीच्या नंबराचा शेवट हाय.’

‘जल्दी करू नको,’ वडील म्हणाले. मी जल्दीच केली. कोपरा नखाने धरला आणि ओढला. लॉटरी निघाली, पण तिच्याबरोबर यादीही निघाली आणि मागचे भिंतीचे पोपडेही. माझ्या हातात निळसर चिकट लगदा होता. त्यात एक आकडा वाचता येईल तर शपथ.

कुणी मला मारलं नाही, त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं. वडील फडकं पिळत म्हणाले, ‘आता नंबर हाय का न्हाई, कसं कळावं? उगं कशाला जायचं एवढ्या लांब?’

माय पदराला हात पुसत म्हणाली, ‘पाव्हणे रविवारी हायेत. शनिवार तर रिकामाच हाय की.’

पहाटेच्या बसने वडील आणि अक्का गेले. तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. रात्री उशिरा अक्का दारात आली आणि म्हणाली, ‘घेतलं.’ नंबर होता का, विचारल्यावर म्हणाली, ‘होता ना.’ रविवारी पाहुण्यांनी पोहे खाल्ले आणि ते निमूट निघून गेले.

पुढे कितीतरी वर्षं आमच्या घरात हा किस्सा चालला. तुझ्या हातचा धसमुसळेपणा, अक्काचं नशीब, असं सगळे मला चिडवायचे आणि मीही हसून घ्यायचे. अक्का निवृत्त झाली त्या वर्षी मी तिला म्हणाले, ‘त्या दिवशी यादी धड निघाली असती तर माझी एवढी बदनामी झाली नसती.’

ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘धड निघाली असती तर मी गेलेच नसते. यादीत माझा नंबर नव्हता.’

ती सांगत राहिली. ‘बाबा फाटकाबाहेर होते. मी आत बाकावर जाऊन बसले. मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, तुझं नाव न्हाई, जा घरी. मी उठले न्हाई. संध्याकाळपर्यंत बसून राह्यले. बोलावलेल्यांतल्या बऱ्याच पोरी आल्याच न्हाईत. कुणाला पत्र न्हाई, कुणाच्या गावात पेपर न्हाई. शेवटी एक नंबर तीनदा पुकारला. कुणीच उठलं न्हाई. मंग बाईंनी माझ्याकडं पाह्यलं आणि म्हणाल्या, ये तू.’

‘कुठला नंबर?’

‘दोनशे शहाऐंशी,’ अक्का लगेच म्हणाली. ‘कुठल्या गावची व्हती कोण जाणे.’