पाचवी पेटी

तापलेल्या धुळीला एक गोडसर वास असतो. ऑक्टोबरच्या दुपारी परळच्या आमच्या प्रयोगशाळेत उत्तरेकडच्या उंच काचांतून पांढरा, थकलेला प्रकाश उतरतो, सुताचे नमुने ताणून तोडणारी जुनी यंत्रं एका लयीत कुरकुरत राहतात आणि भिंतीवरच्या पेट्या तापून तो वास सोडू लागतात. आजूबाजूच्या गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे मनोरे आले. सूत मात्र अजून कुठून कुठून तपासायला येतं, आणि प्रत्येक नमुन्याचा निकाल एका जुन्या जाड वायरीवरून तिसऱ्या मजल्यावरच्या संगणकाकडे जातो. ही वायर सांभाळणं माझं काम. सांभाळते म्हणजे काय, तर ती चालते तोवर तिच्या वाटेला जात नाही.

गेल्या महिन्यात एक यंत्र लांबच्या खोलीत हलवलं, वायर वाढवावी लागली, म्हणून मी अडगळीतली एक पेटी काढून मध्ये जोडली. तिला रिपीटर म्हणतात. दमून आलेला संदेश ताजा करून ती पुढे धाडते. वाटेत भिंतीवर अशा आधी चार होत्या, ही पाचवी. सकाळी सारं सुरळीत चाले, पण दुपारी सगळी यंत्रं एकदम बोलू लागली की निकाल मध्येच कुठेतरी नाहीसे होत. यंत्र म्हणे पाठवला, संगणक म्हणे आलाच नाही. प्रत्येक पेटी जर आवाज नवा करते, तर पाचवीनं बिघडावं तरी काय? मला काही म्हणजे काही उमगेना.

खरं सांगायचं तर माझं डोकं त्या वायरीत नव्हतंच. दादाशी, माझ्या थोरल्या भावाशी, माझा सात महिन्यांचा अबोला होता. वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची खोली पाडली गेल्यापासून आई लालबागला मावशीकडे राहत होती. नव्या इमारतीतलं घर ताब्यात आलं, दादा-वहिनी तिथे राहायला गेले, आणि आता आईनं कुठे राहायचं हे ठरायचं होतं. आमच्या घरात महत्त्वाचं असं काही समोरासमोर बोललंच जात नाही. चाळीत गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला निरोप द्यायचा तर तो दारादारातून जाई, एकही दार त्यातला शब्द गाळत नसे. फोन हातात आले तरी ती सवय सुटली नाही. मी निरोप धाडला, की आई आता माझ्याकडे चिंचपोकळीला राहील. मी आईला सांगितलं, आईनं वहिनीला, वहिनीनं दादाला. लगोलग त्याच वाटेनं उलट निरोप आला, की आईची खोली तयार आहे, तिला इकडेच आणायचं. मला ते फार झोंबलं. माझं म्हणणं असं एका वाक्यात उडवून लावायचं म्हणजे काय, या रागात मी फोन करणं सोडलं, आणि नवल म्हणजे त्यानंही सोडलं.

शेवटी पाटकर सरांना बोलावलं. ही वायर त्यांनीच घातलेली. आता निवृत्त होऊन शिवाजी पार्कात सकाळच्या फेऱ्या मारतात. त्यांनी बोट फिरवत पेट्या मोजल्या आणि पाचवीपाशी थांबून हसले.

"अगं संगीता, एका वाटेत चारच पेट्या चालतात. ती मर्यादा आवाजासाठी नाही. वेळेसाठी आहे."

मग शिडीवर उभ्या उभ्या त्यांनी मला जे सांगितलं, ते मी दोनदा विचारून घेतलं तरी अर्धंच कळलं. एका वायरीवर दोघं एकदम बोलले की संदेशांची टक्कर होते. ती होणारच, त्यात कुणाचा दोष नाही. फक्त बोलणाऱ्याचं बोलणं संपायच्या आत टक्कर झाल्याची खबर त्याच्यापर्यंत परत पोचली पाहिजे. मग दोघं गप्प होतात, कमीजास्त वेळ थांबतात आणि पुन्हा बोलतात. प्रत्येक पेटी थोडा उशीर करते. चारपर्यंत तो खपतो. पाचवी आली की खबर पोचेतो बोलणारा बोलून मोकळा झालेला असतो, आपलं म्हणणं पोचलं अशा समजुतीत. सरांनी मधली एक पेटी काढून तिथे ब्रिज नावाची दुसरी बसवली, जी संदेश पूर्ण ऐकून घेते आणि पलीकडे शांतता झाल्यावरच स्वतः तो सांगते. त्यानंतर निकाल येऊ लागले. मी मात्र दादाचा तो निरोप आठवत शिडी धरून तशीच उभी होते.

त्या संध्याकाळी थेट लालबागला गेले. पौर्णिमा होती, आई विहारातून वंदना करून नुकतीच आली होती, तिच्या पांढऱ्या लुगड्याला उदबत्तीचा वास होता. मी विचारलं, दादाचा तो निरोप माझ्या निरोपाचं उत्तर होता का?

"उत्तर कसलं? त्यानं माझ्या खोलीला रंग लावून सकाळीच सांगून ठेवलेलं. तुझं दुपारी आलं. मी इकडचं तिकडं केलं, तिकडचं इकडं." आईनं पदर खोचला. मग म्हणाली, "माझ्याच तोंडून माझेच निरोप पाठवलेत दोघांनी. तुला कुठं राहायचंय म्हणून विचारलंत कुणी? आता मी कोणाचं काय सांगणार नाय. त्याला पण आत्ताच फोनवर हेच बोलले."

मला तिच्याकडे बघवेना. सात महिने मी दादावर रागावले होते, की आईला न विचारल्याची शरमच कुठेतरी आत टोचत होती, आजही मला नीट सांगता येणार नाही. मी गॅलरीत आले. खाली फुलवाल्याकडे झेंडूचे ढीग होते, उन्हाचा शेवटचा पट्टा समोरच्या भिंतीवर होता. दादाला फोन लावला. व्यस्त. कापला, तर पडद्यावर त्याचाच मिस्ड कॉल, त्याच मिनिटाचा.

लगेच पुन्हा लावणार होते, पण हात थांबला. तोही आत्ता असाच थांबला असेल का, आणि किती वेळ? काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं, की या खेपेला आमची टक्कर आम्हाला दोघांनाही लगेच ऐकू आली होती आणि माझं बोलणं अजून सुरूही झालं नव्हतं. आत आई चहाला आधण ठेवत होती. मी फोन तसाच हातात धरून आत गेले आणि आधी तिलाच विचारलं.