उघाडीचा दोर

मला पाण्याची भीती वाटते, आणि माझं माहेर पनवेलच्या खाडीकाठी. शेत आणि खाडीच्या मध्ये जुना मातीचा बांध आहे. त्याच्या पोटातून दगडी बोगदा जातो आणि खाडीकडच्या तोंडाला लाकडी झडप आहे. तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं जादा पाणी झडप ढकलून बाहेर पडतं, भरतीला खाडीच ती दाबून बंद करते. खारं पाणी आत घुसलं तर उभं भात करपतं, वर जमीनही काही वर्षं रुसून बसते.

यंदा भादव्यात, भात पोटरीत, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात असताना, झडपेखाली कुठल्याशा बांधकामावरची फळी अडकली आणि झडप नीट बसेना. भाऊ परगावी, शेजाऱ्यांनी शेतं विकलेली, म्हणून बाबांनी मला कळंबोलीहून बोलावलं. ओहोटी संपता संपता ते शेताच्या बाजूने बोगद्यात रांगत शिरले. बांधावर उभी राहून मी दोराने झडप वर उचलली आणि दोर खुंट्याला गुंडाळून धरला.

"पानी उलटलं का दोर सोड," त्यांनी बजावलं होतं. "मी आत असलो तरी सोड. तवर मी मागं सरकलेला असेन."

पाणी उलटलं. मी हाका मारल्या. त्या पाण्याच्या आवाजात बुडाल्या. त्यांचे हात झडपेखाली असले तर? खारं पाणी डोळ्यांदेखत आत चाललं होतं आणि माझ्याने दोर सोडवेना. एवढी मी कधीच घाबरले नव्हते.

तेवढ्यात झडपेखालून त्यांचं डोकं बाहेर आलं. हनुवटीपर्यंत पाणी. ते खाडीत बघून ओरडत होते, "बाय! बाय गं!"

"बाबा, मी वर हाय!"

त्यांनी वर पाहिलं, शिवी दिली आणि पुन्हा आत गेले. ते शेताकडच्या तोंडातून बाहेर पडले तेव्हाच मी दोर सोडला. झडप धाडकन बसली.

फळी त्यांनी केव्हाच सोडवली होती. मागे सरकून ते झडप पडल्याचा आवाज ऐकायला थांबले होते. आवाज येईना, तेव्हा त्यांना वाटलं, दोराने मला खाडीत ओढलं. म्हणून ते उलट्या पाण्यात परत झडपेशी गेले. माझ्या भीतीपायी ते बुडायचेच बाकी होते.

"सांगितलं व्हतं ना, सोड म्हणून?" खोकत खोकत ते म्हणाले.

"मी आत असते तर तुमी सोडला असता?"

"नाय," ते म्हणाले, आणि उठून भात बघायला गेले.