दाराला लावलेल्या रजया

शशिकलाबाईंचा आवाज स्वच्छ, म्हणून अंध मुलींच्या वसतिगृहाने बी.ए.ची पुस्तकं कॅसेटवर वाचून द्यायचं काम त्यांच्याकडे सोपवलं होतं. नवरा चारुदत्त केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर चंदीगडला आलेला. बिऱ्हाड सेक्टर २२ मध्ये वरच्या मजल्यावर, खाली घरमालक दारजींचं घड्याळांचं दुकान. रस्त्यावर दिवसभर बसचे हॉर्न, स्कूटरी, फेरीवाले. पहिली कॅसेट मुलींनी परत पाठवली. बाईंपेक्षा भाजीवालाच जास्त ऐकू येतो, म्हणाल्या.

बाई इरेला पेटल्या. खिडकीला रजई टांगली, दाराला आतून दोन. माइकखाली घडी केलेला टॉवेल, माइकवर पातळ रुमाल. कूलर, पंखा बंद. जूनच्या उकाड्यात घामाने पानं भिजायची, पण फितीवर आता फक्त त्यांचा आवाज उरला.

पंजाबात तेव्हा दहशतवाद माजलेला. दारजींनी त्या वर्षी कोर्टात उभं राहून दोन बंदूकवाल्यांना ओळखलं होतं. त्यांच्या भाच्याला बसमधून उतरवून मारणारे तेच. धमक्या येत होत्या, तरी त्यांनी दुकान बंद ठेवलं नाही.

एका भर दुपारी त्या बंदूकवाल्यांचे साथीदार स्कूटरवरून आले. पहिली गोळी दारजींच्या खांद्यात बसली. ते धावत जिना चढले आणि बाईंचं दार दोन्ही हातांनी बडवू लागले. आत बाई मोगलांचा धडा वाचत होत्या. कुणीतरी खाली गादी झोडतंय, असं त्यांना वाटलं. त्या वाचत राहिल्या. मग जिन्यातून फैर झडली. दाराची फळी फोडून गोळी आत आली, रजईचा कापूस उडाला, भिंतीचा गिलावा कोसळला.

रजया ओरबाडून त्यांनी दार उघडलं, तोवर मारेकरी पळाले होते. दारजी उंबऱ्यावर कोसळले. पोट फाटलं होतं. बाईंनी रजई जखमेवर दाबून धरली. ती भिजून जड होत गेली. दारजी तिथेच गेले. दाराच्या बाहेरच्या अंगाला वरपासून कडीपर्यंत त्यांच्या पंजांचे लाल ओघळ होते.

"मला ऐकूच आलं नाही," एवढंच बाई पोलिसांना, चारुदत्तला सांगत राहिल्या. दार खरवडून रंगवलं, पण माइक कपाटातच राहिला. दारजींच्या बायकोला, बीजींना, तोंड दाखवायचा धीर त्यांना होईना.

परीक्षा जवळ आल्यावर वसतिगृहाची माणसं खाली बीजींकडे राहिलेल्या कॅसेटची चौकशी करून गेली. बीजी वर आल्या. बाईंनी त्यांचे पायच धरले. दार उघडलं असतं तर दारजी वाचले असते, म्हणाल्या.

"दरवाजा खुलता तो दो मरते," बीजी म्हणाल्या, आणि बाईंच्या खांद्यावर डोकं टेकून कितीतरी वेळ रडल्या. मग डोळे पुसून स्वतःच खिडकीला रजई लावली आणि बाहेर जिन्याच्या तोंडाशी वेताचा मोडा, बुटकं स्टूल, मांडून बसल्या.

"तू पढ़, पुत्तर. बाहर मैं बैठी हूँ."

बाईंचा आवाज कापत होता. दोनदा फीत पुसावी लागली. पुढची सगळी पुस्तकं तशीच वाचून झाली, बीजी बाहेर मटार सोलत बसलेल्या असताना.