गुळाची बशी आणि हात धुवायची बादली

कोल्हापूरच्या बावड्यातल्या निम्म्या गल्लीला मी एका सकाळीत मधुमेह करून ठेवला होता. डॉक्टरकीचं एक अक्षर न शिकता, नुसत्या गुळाच्या बशीनं. नातवंडांना हे सांगितलं की ती हसून लोळतात. लोळू देत. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नव्हतं.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे साठीला अजून जरा अवकाश होता. आमच्या महिला मंडळाची मी अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे काय, तर बाकीच्या बायांनी सतरंज्या झटकायच्या आणि मी त्या कुठं झटकायच्या ते सांगायचं. दवाखान्याकडून समाजमंदिरात साखर तपासणीचं शिबिर ठरलं, तेव्हा माझ्या अंगात मंत्रीच संचारला.

नर्सबाई वेळेआधी आली. पोरगेलीशीच, पण कामाला चोख. दारात तिनं बादली, मग, साबण आणि स्वच्छ फडकी मांडली. म्हणाली, "काकी, प्रत्येकीनं साबणानं हात धुऊन, पुसून मगच आत यायचं. तेवढं तुम्ही बघा."

"बघते की," मी म्हटलं.

आणि बघितली ती बादली. हिरवी, प्लास्टिकची, काठाला तडा गेलेली. रांगोळीशेजारी असली बादली? चार माणसं येणार, फोटो निघणार! नर्सबाई आत साखर मोजायचं यंत्र लावायला गेली तशी मी बादली उचलून मागच्या नळाकडं नेऊन ठेवली. तिच्या जागी टेबल, त्यावर भरतकामाचा रुमाल, तांब्या-भांडं आणि गुळाची बशी. गुऱ्हाळं सुरू झालेली, गूळ नवा, अजून बोटाला चिकटणारा. आल्या माणसाला गूळ-पाणी न देता आत घ्यायचं, ही कुठली रीत? जेवून आलं तरी चालेल असं नर्सबाईच सांगून गेली होती. मग खडाभर गुळानं काय होतंय, हे माझं शास्त्र.

बाया आल्या. गूळ फोडला, खाल्ला, पाणी प्याल्या, बोटं पदराला पुसली आणि आत जाऊन नर्सबाईपुढं धरली. तिला वाटत होतं, हात धुऊनच येताहेत. ती स्पिरिटचा बोळा फिरवायची, टोचायची, थेंब पट्टीला लावायची, आणि यंत्रावरचा आकडा बघून तिच्या कपाळाला आठी पडायची.

मी खूश. "बघा, किती रोगी सापडले! आम्ही शिबिर घेतलं म्हणून कळलं!" पेपरात द्यायची बातमीसुद्धा मनात जुळवत होते.

त्यातच कारखान्यामागची एक दूधवाली आली. दोन म्हशी, नवरा नाही, पोरगी शिकायला. तिचा आकडा सगळ्यांत मोठा निघाला. नर्सबाई म्हणाली, "घाबरू नका. उद्या दवाखान्यात या, हाताच्या शिरेतलं रक्त घेऊन पक्कं करू. तोवर काही औषध घ्यायचं नाही." पण बाई ऐकण्याच्या पलीकडं गेली होती.

"माझ्या आईचा पाय ह्याच रोगानं गेला ओ," ती एवढंच म्हणाली.

यावर गप्प बसावं की नाही? अध्यक्षबाई कुठल्या गप्प बसतात! "आजपासनं भात बंद, भाकरी अर्धी," मी ठणकावून सांगितलं. ती मान खाली घालून निघून गेली.

दुपारच्या सुमारास एक डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचं काम रोगी तपासायचं नव्हतं. शिबिराशिबिरांतून फिरून तपासणीच तपासायची. त्यांनी आकडे बघितले, बाटलीतलं ठरावीक साखरेचं पाणी यंत्राला लावून पाहिलं. यंत्र ठीक होतं. मग बाहेर येऊन विचारलं, "बायका हात कुठं धुतात?"

नर्सबाईनं दाराकडं बोट केलं, आणि ते बोट तसंच राहिलं. तिथं बशी होती.

"मागं ठेवलीय मी," मी म्हटलं. "शोभत नव्हती."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "काकी, बोट द्या."

सकाळपासून बशीत गूळ भरत होते, तेच बोट दिलं. तीनशेच्या वर! म्हणजे रोग्यांत मीपण!

"आता साबणानं धुऊन, पुसून या."

धुऊन आले, दुसरं बोट दिलं. आकडा शहाण्यासारखा खाली आलेला.

"बोटावरचा गूळ रक्ताच्या थेंबात उतरतो. नुसत्या स्पिरिटनं तो सगळा निघत नाही," त्या म्हणाल्या. "यंत्र खरंच बोलत होतं, काकी. फक्त तुमच्या बशीबद्दल बोलत होतं."

नर्सबाई रडवेली झाली. तिनं घरी गेलेल्यांना निरोप धाडले, थांबलेल्या बायांना हात धुवायला लावलं आणि सगळ्यांची परत तपासणी सुरू केली. मला एकदम दूधवाली आठवली. ती कशी गेली, मी काय सांगितलं, सगळं डॉक्टरीणबाईंना भडाभडा बोलून टाकलं.

"दोष मागनं वाटून घेऊ," त्या म्हणाल्या. "बादलीपाशी आमचं माणूस नव्हतं, हेही त्यात आलं. आधी बाईला गाठू. बसा गाडीत."

घराला कडी. गोठ्यात म्हशी ओरडताहेत. शेजारीण म्हणाली, "थोरल्या जावंकडं गेलीया. कैक वर्सं त्या दोघींची तोंडं दोन दिशेला, आणि आज आपणहून उंबरा चढली बगा."

जावेचं घर पलीकडंच. आत गेलो तर दोघी चुलीपुढं बसलेल्या. जावेला जुनी साखर. तिच्या गोळ्यांचं पाकीट उघडं, आणि दूधवालीच्या एका हातात गोळी, एका हातात पाण्याचा पेला.

"गिळू नकोस!" मी अशी किंचाळले की पेला तिच्या हातातून पडला.

डॉक्टरीणबाईंनी गोळी काढून घेतली. "सकाळपासून काय खाल्लंत?"

"शिबिरातला गूळ सोडला तर काय न्हाय. काकींनी बंद केलंय की."

साखर नसताना, उपाशीपोटी ती गोळी गेली असती तर बाई गोठ्यातच कोसळली असती, आणि बघायला घरात कुणी नव्हतं. हे डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं. मग दूधवालीचे हात साबणानं धुतले, पुसले, बोट टोचलं. आम्हा चौघींची डोकी यंत्रावर वाकली. आकडा अगदी हवा तसा आला.

"तुम्हाला साखर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आईला होती, म्हणून वर्षातनं एकदा बघत जा. आज चूक आमची झाली."

"त्यांची न्हवं, माझी," मी म्हटलं. "बादली मी हलवली." आणि शिव्या खायला मान खाली घातली. कोल्हापूरच्या शिव्या, लागतील तेवढ्या खायची तयारी होती.

थोरली जाऊ पदरानं डोळे पुसत होती. दूधवालीनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे ओ काकी. मी मरणार म्हणून हिच्या दारात आले, रडले, मागलं सगळं सोडलं. आता मला काय बी झालं न्हाय म्हणतासा, तर हिच्यासंगं बोलायचं का परत बंद करायचं, तेवढं सांगा की!"