मान-सॉपचा तिसरा प्याला

कोरियातल्या आमच्या गावातलं कन्फ्यूशियसचं देऊळ आणि त्याला लागून असलेली जुनी पाठशाळा ओक मान-सॉप एकतीस वर्षं झाडतोय. मला लिहायची सवय नाही; देवळाच्या याद्या तेवढ्या लिहितो. जमेल तसं सांगतो.

कुणी पाहुणा मधल्या दारात पाय टाकू लागला की मान-सॉप झाडू आडवा धरतो. "अहो, ते दार गुरूंच्या आत्म्याचं. तुम्ही अजून जिवंत दिसताय, पूर्वेच्या दाराने या."

वसंतातल्या पूजेत तिघं जण गुरूंपुढे मद्याचा एकेक प्याला ठेवतात. मान-सॉपचे आजोबा इथे नोकर होते, म्हणून त्याला तो मान कधी मिळाला नाही. यंदा देवळाचे पंच राजी झाले. तिसऱ्या प्याल्यापुढे त्याचं नाव लिहून मी यादी पाठशाळेच्या भिंतीवर लावली. झाडता झाडता तो तिथेच रेंगाळायचा. शेजारच्या बुन-रे आजीने त्याच्यासाठी निळा अंगरखा शिवला.

पूजेच्या आदल्या दिवशी आजी गेली. तिला मूलबाळ नव्हतं. आणि मयताच्या घरी जाऊन आलेल्याला पूजेत उभं राहता येत नाही.

"म्हातारीला दोन दिवस कळ काढवली नाही!" प्रमुख पंच कुरकुरले. "तू जाऊ नकोस रे. गाव बघून घेईल."

"गाव म्हणजे कोण, काका? तिच्या दारात मीच तर असतो."

तो घरी गेला आणि अंगरखा घेऊन माझ्याकडे आला. "दादा, माझ्या जागी तुम्ही उभे राहा. बाह्या माझ्या मापाच्या आहेत, प्याल्यात बुडवाल."

बुडवलीच. गुरूंपुढे वाकलो तशी उजवी बाही मद्यात गेली. खालच्या रस्त्याने तेव्हाच आजीची गाडी चालली होती. पुढे मान-सॉप, मान खाली घालून. माझं पुढचं सगळं चुकलं.

चौथ्या दिवशी अंगरखा परत द्यायला गेलो. डाग दाखवून म्हणालो, "धुऊन देतो."

त्याने बाही नाकाशी धरली. मग हसला आणि अंगरख्याची घडी घातली.

"राहू द्या," म्हणाला. "आजीच्या टाक्यांनी तरी गुरूंचा प्याला पाहिला."

काल शरदाच्या पूजेची यादी लिहायला घेतली. पंच बसायच्या आधीच तिसऱ्या ओळीत त्याचं नाव लिहून टाकलं. विचारलं कुणी, तर सांगीन, शाई वाळली.