बेस हाय

आमच्या सोसायटीत एक म्हातारा हाय. वाशीच्या मार्केटात पोती वाहून वाहून त्याची मान वाकली. सकाळी आम्ही दोघं खाडीच्या बाजूला चालायला जातो. चालणं कसलं, तो सारखा थांबतो. गटाराच्या झाकणावर सोनमोहराची फुलं पडलेली दिसली की थांबतो. भाजीवाली मेथीवर पाणी मारायला लागली की थांबतो. "पाव्हणं, बेस हाय," म्हणतो.

"चला की. हितं काय ठेवलंय बघायला?" मी खेकसतो.

"तुमचं काय ऑफिस बुडतंय का?" तो हसतो.

बायको गेल्यापासून मला काहीच बेस दिसत नाही. तिच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. ऊन डोक्यावर येईस्तोवर मी हात जोडून उभा होतो. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. तिचं काय राहिलं, ते मला अजून कळलं नाही. हा म्हातारा तेव्हा माझ्या शेजारीच उभा होता.

परवा खाडीच्या कठड्यावर कावळा बसला होता. उन्हात त्याच्या पंखांवर निळी झाक चमकत होती. म्हातारा सवयीनं थांबला, "बेस..." म्हणता म्हणता त्यानं माझ्याकडं बघितलं. त्यानं कधी पाखरू हुसकलं नाही, पण त्या दिवशी टाळ्या वाजवत, "हुश्श, हुश्श" करत धावला.

मला त्रास नको म्हणून केलं त्यानं. पण कावळा माझ्याकडं सरकत होता. तो उडाला आणि पाण्यावरनं लांब गेला, न शिवताच.